कुंडलिकचा डावा हात

“दाबलं तवा कोंबडी व्हती की. मी काय खोटं बोलतोय व्हय?”

कुंडलिकनं कॅमेरा माझ्या नाकापुढं धरला. काडेपेटीपेक्षा जरासा मोठा, मागं इवलीशी काच. काचेत त्याच्या घराची पायरी होती, पायरीवरचं सारवण होतं आणि कडेला एक शेपटीचं पीस. कोंबडी नव्हती.

“कोंबडी गेली, पायरी ऱ्हायली,” त्याची बायको साळुबाई आतून म्हणाली. “पायरी काय पळून चालली व्हती, तिचा फोटू काढायला?”

कुंडलिकनं तिकडं लक्ष दिलं नाही. मला म्हणाला, “खरं सांग राव, असला कॅमेरा घ्यावा का न्हाई?”

घेऊन झाला होता. तरी भेटेल त्याला तो हेच विचारत होता.

कुंडलिक एरवी कांद्या-टोमॅटोतला माणूस. गाव त्याला ओळखतं ते जत्रेतल्या बैलगाड्यांमुळं. गाडे एकेक करून घड्याळावर पळवायच्या, त्या चढाला आमच्याकडं घाट म्हणतात. घाटाच्या वरच्या टोकाला चुन्याची रेघ असते. बैलांच्या पुढच्या जोडीची नाकं रेघेवर आली की कुंडलिक झेंडा पाडतो, आणि झेंडा पडला की मंडपातला माणूस घड्याळ थांबवतो. मोठ्या घाटांवर आता यंत्रं बसली आहेत. आमचा घाट लहान, वर्गणीवर चालणारा. आमचं यंत्र म्हणजे कुंडलिकचा उजवा हात.

तर मागच्या जत्रेत त्या हातावर बोट ठेवलं गेलं. अवसरीचा भागू गाडामालक. त्याचा गाडा थोडक्यात मागं पडला, तेव्हा तो भर घाटात म्हणाला की झेंडा दमानं पडला, झेंडेवाल्याला झापड आली असंल. लोक हसले. कुंडलिकही हसला. पण घरी आल्यावर त्याला ते उसाच्या चरकात बोट गेल्यासारखं लागलं. वर पंचांनी सांगून टाकलं, यंदा पुन्हा तक्रार आली तर पुढच्या साली भाड्यानं का होईना, यंत्र आणू.

आता साक्ष पाहिजे म्हटल्यावर माणूस फोन काढेल. पण आमच्या घाटाचा नियम आहे, झेंडेवाल्याजवळ फोन नको. कुंडलिकच्या आधीच्या झेंडेवाल्याचा फोन नेमका नाकं रेघेवर असताना वाजला होता, आणि त्यानं तो उचलला होता. तेव्हापासून बंदी. कुंडलिकनं डोकं चालवलं: फोनला बंदी, कॅमेऱ्याला कुठं? नारायणगावच्या बाजारात नेलकटर, बॅटऱ्या, पाठ खाजवायचे हात विकणाऱ्याकडं हा मिळाला. खोक्यावर मोठमोठे आकडे होते. विकणारा म्हणाला, याच्यात मुंगीचे डोळेबी दिसत्यात.

मुंगी राहू द्या, कोंबडी दिसेना.

पण गंमत अशी की उभी वस्तू बरी यायची. खोडदची ती अजस्र रेडिओ-दुर्बीण, पांढऱ्या जाळीची, ती त्यानं बांधावरून टिपली ती अगदी देखणी आली. पिंपळ आला, पायरी तर रोजच येत होती. हलतं काही धरलं की ते निघून गेलेलं असायचं. कुंडलिक चक्रावला. आधी त्याला वाटलं आपलंच बोट जड आहे. मग कळलं, आपण दाबतो आणि कॅमेरा जरा विचार करून काढतो. मधी एक उचकी जाते.

“म्हंजी त्यो येडा न्हाई, सुस्त हाय,” तो म्हणाला. “येण्याआधी दाबायचं. मंग येतंय.”

जत्रेपर्यंत तो रस्त्याच्या मोरीवर बसून दूधवाल्याची मोटरसायकल टिपत होता. किटल्या मोरीच्या दगडाजवळ यायच्या आधीच दाबायचं. हुकायचं. आणखी आधी दाबायचं. एका सकाळी दूधवाला बरोबर दगडावर सापडला, किटल्यांसकट. तो फोटो त्यानं साऱ्या गावाला दाखवला, आणि फोटोबरोबर ती युक्तीही सांगितली. कॅमेरा उशिरा काढतो, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठावं झालं.

जत्रेच्या दिवशी उजव्या हातात झेंडा, डाव्यात कॅमेरा घेऊन कुंडलिक रेघेवर उभा राहिला. मी गर्दी अडवायच्या दोराच्या अलीकडं होतो. पहिल्या गाड्यांचे फोटो काय आले देव जाणे, पाहायला फुरसत नव्हती. मग आमच्या दादाभाऊचा गाडा सुटला. पुढं वाट दाखवणारी घोडी, मागं बैल, भंडाऱ्यानं सगळं पिवळं. गाडा वर आला, झेंडा पडला आणि मंडपातून पुकारा झाला. आतापर्यंत दादाभाऊ पहिला आणि आधी पळालेला भागू दुसरा, तेही केसाच्या फरकानं.

भागू रेघेशीच उभा होता. तो ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, “कुंडलिकभाऊ, औंदा झेंडा आधी पडला.”

दादाभाऊ म्हणाला, मागच्या साली उशिरा पडला, औंदा आधी पडला, तुला झेंडा कवा पडला म्हंजी गोड लागंल? चार माणसं इकडून बोलायला लागली, सहा तिकडून. तेवढ्यात कुणाला तरी कॅमेऱ्याची आठवण झाली.

इवल्या काचेवर दहा डोकी वाकली. फोटोत धूळ होती, झेंडा खाली होता आणि बैलांची पुठ्ठी रेघेच्या पार होती. दादाभाऊ म्हणाला, बघा, बैल पार झाल्यावर झेंडा खाली. भागू म्हणाला, आवो, कॅमेरा उशिरा काढतो, हे तुमच्याच गावात ऐकलं मी. त्यानं बैल पार झाल्यावर काढलाय, झेंडा तर कवाच पडलेला. एक जण म्हणाला, पण कुंडलिकनं आधी दाबलं असंल की. दुसरा म्हणाला, बैल काय दूधवाला हाय का, त्याच्या चालीनं दाबायला?

मग सगळी डोकी वर झाली आणि कुंडलिककडं बघायला लागली.

कुंडलिक स्वतःच्या हातांकडं बघत होता. एकदा डाव्याकडं, एकदा उजव्याकडं. “डावं बोट म्या आधीच दाबलं,” तो म्हणाला. “त्ये दाबायचंच व्हतं. पर त्याच्यासंगं उजवाबी हलला का काय, त्ये मला ठावं न्हाई.”

झेंडेवाला असं म्हणाल्याचं आमच्या घाटानं कधी ऐकलं नव्हतं. दादाभाऊनं तर कपाळावर हात मारला. मीही रेघेजवळच होतो; झेंडा आधी की नाकं आधी, मला आजही सांगता येणार नाही. दमलेले बैल पुन्हा पळवता येत नाहीत. पंचांनी दोन्ही गाडे बरोबरीत धरले आणि मग कुंडलिकचं काय करायचं म्हणून एकमेकांकडं पाहिलं.

कुंडलिकनं झेंडा गुंडाळायला घेतला होता.

“गुंडाळतोस कशाला?” भागू म्हणाला. “त्यो डबा तेवढा बायकूकडं दे. तुझ्या एका हाताशी भांडाय मला जमतंय. दोन हातांशी न्हाई जमायचं.”

पंचांपैकी कुणी नाही म्हटलं नाही. यंत्राचं पुढं बघू, असं काहीतरी पुटपुटून ते मंडपात गेले.

साळुबाई बायकांच्या घोळक्यातून पुढं आली. तिनं कॅमेरा घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, “ह्यो घेतला त्ये बरं केलं का वाईट?”

“दुर्बिनीचा फोटू चांगला आलाय,” कुंडलिक म्हणाला. 

खाली पुढचा गाडा जुंपून तयार होता. गाडा सोडायची ‘भिर्रर्र’ आरोळी झाली. कुंडलिकनं झेंडा सोडवून वर धरला. डाव्या हाताचा अंगठा उगाच हलत होता, तेव्हा तो हात त्यानं पाठीमागं नेऊन कमरेच्या करगोट्यात अडकवला आणि रेघेकडं बघत उभा राहिला.