पुण्याच्या मशीनला थोपटायला शिकवलं

दिंद्रुडच्या स्टँडवर एसटीडीचा पिवळा डबा नवानवा आला होता, तेव्हाची गोष्ट. नातीचा फोन आला म्हणून धावत गेले, तर पलीकडून नुसतं रडणं. वंदी पुण्याच्या कॉलेजात होती. माणसाच्या उपयोगाच्या वस्तू कशा घडवायच्या ते शिकवतात तिथं. शेवटच्या परीक्षेला तिनं लेकरू थोपटणारं मशीन केलं होतं. ऊसतोडीला गेलेल्या बायांची तान्ही पोरं फडाच्या कडेला झोळीत रडतात, त्यांच्यासाठी. सरांनी दोनदा परत पाठवलं. शनिवारी शेवटची पाळी.

"नापास झाली की आणतो घरी. पोरगं बघून ठेवलंय," तिचा बाप, म्हणजे माझा लेक दत्ता, म्हणाला.

"तू गप बस," म्हणलं आणि पिशवी भरली.

गुरुवारी पहिली गाडी धरली. जाणाऱ्यांनो, ऐका. तेलगाव, वडवणी करत बीडला उतरायचं, तिथून पुण्याची गाडी. चाकावरची खिडकी घेऊ नका. आष्टीपर्यंत रस्ता असा की खाल्लेलं परत वर येतं. म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट, पण कंडक्टर वय विचारतो.

"आजी, पासष्ट झाले का?"

"दात मोजून घे."

अर्धं फाडलं. नगरला गाडी अर्धा तास थांबते. वडा तेलकट, चहा पांचट. भाकरी-ठेचा घरून न्या. शिरूर गेलं की रानं संपतात आणि पत्र्याचे कारखाने सुरू होतात. थंड पेयाच्या जाहिराती तर अशा, की माणसापेक्षा बाटली मोठी.

शुक्रवारी कॉलेजात गेले. फरशी लई गुळगुळीत, चपला हातात घ्याव्या वाटल्या. खोलीत मधोमध लोखंडी चौकटीला झोळी, तिच्यावर कापूस भरलेला कापडी पंजा. वंदीनं सेल घातले, तसा पंजा टपटप टपटप चालू. झोळी रिकामीच.

"बंद कर आधी!" मी ओरडले. "रिकामी झोळी हलवत्यात का कुणी? पोराच्या पोटात दुखतं."

"आज्जे, इथं पोरगं कुठंय?"

"मग कर की एखादं."

वंदीच्या वर्गातल्या पोरी फिदीफिदी हसल्या. मी वंदीसाठी आणलेली पाचेक किलो ज्वारी लुगड्यात बांधली, डोक्याच्या जागी टॉवेल गुंडाळला, झोळीत निजवलं. आता मशीन लावलं, तर पंजा असा आपटला, जणू वसुलीवाला दार ठोकतोय.

"असं मारल्यावर तू झोपशील का गं?"

वंदीलाच सतरंजीवर पालथी पाडली, डोळे मिटायला लावले. पाठीवर थोपटू लागले आणि बाकीच्या पोरींना माझ्या हातावर हात ठेवायला सांगितलं. एक चष्मेवाली घड्याळ बघत होती.

"आजी, तुम्ही हळू झालात."

"मी न्हाई झाले. तिचा श्वास झाला."

हेच त्यांना कळलं नव्हतं. श्वास सुटतो तेव्हा हात पडतो. आणि शेवटचा हात उचलायचा नसतो. तसाच जड ठेवायचा, मग चोरासारखा काढून घ्यायचा. मशीनला श्वास कळणार न्हाई, पण सावकाश होत जाणं तरी जमंल, असं वंदी म्हणाली. दिवसभर मोटर खोलली, जोडली. मी ज्वारीचं लेकरू थोपटून दाखवत राहिले. खांदा भरून आला.

शनिवारी सर आले. चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती. झोळीत पंजाखाली स्वतःचा हात घातला. पंजा पडत राहिला, मंद होत गेला, शेवटी त्यांच्या हातावर टेकून राहिला. सर हात काढीनात. वंदी ओढणी चावत उभी.

"आजी, हे कुठं शिकलात?"

"सहा वाढवली, सर. मार्क कुणी दिले न्हाईत."

वंदीला दिले. सगळ्यांच्या देखत, भरपूर. परतीच्या गाडीत शेजारणीला न विचारता सगळं सांगितलं. ती शिरूरला उतरली, तर मी पुढच्या सीटवरच्याला धरलं.

घरी दत्तानं तोंड उघडायच्या आत म्हणलं, "त्या पोराला दुसरी बघायला सांग." तो बैलाला पाणी दाखवायला गेला.

मशीनला माया न्हाई, वंदीही ती आहे असं म्हणत न्हाई. पण फडातल्या बाईनं दोन मोळ्या बांधेपर्यंत लेकरू गप राहिलं तरी पुष्कळ. ते माझ्या नातीनं केलं.

मला मात्र एक खोड लागली. शेजारच्या कौसाबाईचा नातू थोपटायला घेतला, अन् सारं लक्ष हाताकडंच. श्वास सुटला का? आता हात टेकू का? पोरगं टक्क डोळे उघडून माझ्याकडं बघत बसलं. पुण्यात नात पास झाली, अन् दिंद्रुडात आज्जी नापास.