मानेत रुतलेली चोच

मुरुडच्या सरकारी दवाखान्यात कोकिळाबाई नर्स म्हणून आल्या, तेव्हा त्यांची तिशीही उलटली नव्हती. माहेर चौलचं. नवरा विषमज्वराने गेला आणि सासरी त्यांचं कुणी उरलं नाही. भाऊ विठोबाने हिंमत करून त्यांना मुंबईला नर्सिंग शिकायला पाठवलं. मुरुडात सगळे त्यांना 'बाय' म्हणत. अडलेली बाळंतपणं, माडावरून पडलेली माणसं, दोरात अडकून तुटलेली बोटं, असं रोज काही ना काही त्यांच्या पुढ्यात येई. पण १९५८ सालच्या दिवाळीनंतर जे आलं, ते त्यांनी कधी ऐकलंही नव्हतं.

एका सकाळी होडीवाला करमअली आणि तिघं जण एका फळीवर त्याच्या मुलाला, रफिकला, घेऊन आले. रफिक आगरदांड्याहून दिघीला उतारू नेणारी होडी वल्हवायचा. त्या दिवशी पाण्यातून एक लांब टोळ मासा उसळला आणि त्याची सुईसारखी चोच रफिकच्या मानेत, डाव्या खांद्याच्या जरा वर घुसली. बरोबरच्यांनी मासा सुरीने कापून टाकला होता. चोच मात्र आतच होती, बोटभर बाहेर दिसत होती. रफिक शुद्धीत होता. त्याला बोलता येत नव्हतं, तो नुसता बापाकडे बघत होता.

डॉक्टर सरकारी कामाला अलिबागला गेलेले. दवाखान्यात कोकिळाबाई आणि कंपाउंडर चांगदेव, एवढेच.

"बाय, काढा तो काटा," करमअली म्हणाला. "पोरगा मरतोय माझा."

चोचीच्या कडेने रक्त ठिबकत होतं, नाडीच्या ठोक्यागणिक. आत कुठली शीर फुटली असेल, ते बाईंना कळत नव्हतं. रुतलेली वस्तू उपसायची नाही, एवढंच शिकवलेलं त्यांना आठवत होतं. त्यांनी कापडाच्या घड्या चोचीच्या दोन्ही बाजूंना लावल्या आणि तळहाताने दाबून धरल्या.

"उपसली तर हितंच जाईल," त्या म्हणाल्या. "अलिबागला न्यायचं. मी हात काढणार न्हाय."

चांगदेवने एसटीच्या ड्रायव्हरला गाठलं. उतारूंनी मागची बाकं मोकळी करून दिली. साळावपर्यंतच्या रस्त्यात प्रत्येक खड्ड्याला रफिकच्या घशातून घरघर निघे आणि बाईंच्या बोटांखाली ऊन ओल पसरे.

साळावला पोचले तर खाडीला पूर्ण ओहोटी लागलेली. पलीकडे रेवदंड्याला नेणारी होडी दूर पाण्याच्या कडेला होती आणि मध्ये नुसता चिखल. भरतीची वाट बघायला वेळ नव्हता. करमअली आणि त्या तिघांनी फळी खांद्याला लावली आणि ते चिखलात उतरले. बाईंचा हात तिथवर पोचेना, म्हणून त्यांनी फळी कमरेपर्यंत खाली घ्यायला लावली. त्या गुडघाभर चिखलातून तशाच वाकून चालत राहिल्या. चपला कुठे गेल्या, कळलं नाही. मध्येच एक जण घसरला. फळी कलंडली, रक्ताची धार लागली आणि रफिकचे डोळे फिरले.

करमअलीचा धीर सुटला. त्याने चोचीला हात घातला. बाईंनी मोकळ्या हाताने त्याचं मनगट धरलं.

"माझा हात बधिर झालाय," त्या म्हणाल्या. "जोर न्हाय राहिला त्यात. तुमचा हात माझ्या हातावर ठेवा आन् दाबा."

करमअलीने दुसऱ्या हाताने फळीचं टोक सावरलं. मग त्याने आपला वल्ह्याने घट्टे पडलेला पंजा त्यांच्या हातावर ठेवला आणि दाबला. होडीत आणि पुढे अलिबागला जाणाऱ्या मालाच्या ट्रकमध्येही दोघं तसेच बसून होते. करमअली पुटपुटत दुवा मागत होता. बाईंच्या मनात एकच येत होतं, की आपण चुकलो असलो तर याच्या घरी परत कुठल्या तोंडाने जायचं.

अलिबागच्या डॉक्टरांनी चोच काढली. रफिक वाचला.

पण चोचीने मानेतली नस दुखावली होती, डावा हात गेला. खांद्यापासून लोंबता, ना हलणारा ना चटका कळणारा. एका हाताने होडी कशी वल्हवणार? घरी आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून पडून राही. बाई बघायला गेल्या तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बाय, काढायची होती तेव्हाच. सुटलो असतो."

पावसाळ्याच्या तोंडाला तो पाण्यात शिरला. त्याची बायको जैबुन्निसा मागे धावली आणि त्याला केसांना धरून ओढून आणलं. संध्याकाळी बाई गेल्या. त्यांनी रफिकचा मेलेला हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट मिटायला, उघडायला लागल्या. रफिकने तोंड फिरवलं, पण हात ओढून घ्यायची ताकद त्याच्यात नव्हती.

मग रोज तेच. दवाखाना सुटला की बाई त्याच्या घरी. शेजारपाजारचे बोलत, रफिकची आईही कुरकुरे. महिने गेले. काही होत नव्हतं. चोळताना बाईंना कधी कधी वाटे, आपण फक्त आपली समजूत घालतोय. जैबुन्निसाने ते सगळं बघून बघून शिकून घेतलं. पुढच्या वर्षी ऐन पावसात तिने निरोप पाठवला, अंगठा हलला. बाई भिजत गेल्या. अंगठा खरंच हलत होता, थरथरत, अगदी थोडा.

हात पुन्हा खांद्याच्या वर कधी उचलला गेला नाही. जाळ्याची दोरी त्यात धरून ठेवता येई, एवढंच. उजव्या हाताने रफिक जाळी विणू लागला. तो फारसा हसत नसे, पण पाण्याकडे पुन्हा गेला नाही.

त्रेसष्ट साली बाईंची बदली रोह्याला झाली. एसटी सुटायच्या वेळी जैबुन्निसा एकटीच आली. थंडीत त्याची बोटं आखडतात, तेव्हा काय करू, म्हणून विचारायला लागली. बाईंनी बसच्या पायरीवर बसून तिचंच मनगट हातात घेतलं आणि कुठे, कसं दाबायचं ते दाखवलं. कंडक्टरने घंटी मारली. तिने अजून एकदा दाखवायला सांगितलं.