गाडी पावसातच अडायची

आमची जुनी पेट्रोल गाडी पावसात सुरू होत नसे, आणि तेही नेमकं आईच्या डायलिसिसच्या दिवशी. आठवड्यातून दोनदा तिला धानोऱ्याहून नंदुरबारला न्यायचं असायचं. बाहेर भुरभुर लागली की चावी फिरवून फिरवून हात दुखायचे, इंजिन नुसतं कुरकुरायचं. मग माझं डोकं फिरायचं. बॉनेट उघडून, शिव्या घालत मी डिस्ट्रिब्युटरचं झाकण फडक्याने कोरडं करायचो, सगळ्या वायरी दाबून बसवायचो, तेव्हा कुठे ती सुरू व्हायची. तोवर आईचा नंबर गेलेला. मागे तर तसंच परत यावं लागलं. तिचे पाय टम्म सुजले, धाप लागायला लागली. डॉक्टरांनी मला झापलं ते वेगळंच.

ओल धरते, दुसरं काय! मी प्लग बदलले, वायरी बदलल्या, झाकण नवं आणलं. पुढच्या पावसाला पुन्हा तेच. आई पिशवी घेऊन ओट्यावर निवांत बसलेली असायची. "ऱ्हाऊ दे ना भाऊ," मला म्हणायची.

शेवटी एका कडक उन्हाच्या दिवशी मी हट्टाला पेटलो. इंजिन चालू ठेवलं आणि वायरींवर, झाकणावर, कॉइलवर तांब्याने पाणी शिंपडत सुटलो. इंजिन एकदाही अडखळेल तर शपथ. बंद करून पुन्हा चावी फिरवली, पहिल्या झटक्यात चालू. मी चक्रावलोच. दोष पाण्याचा नव्हता, तर पावसात होत होतं तरी काय?

पुढच्या फेरीला सकाळपासून पाऊस होता. चहा न घेताच मी मागच्या दाराने शेडकडे गेलो, म्हटलं आधी बॉनेट उघडून बघू. ते उघडंच होतं. जिला दोन पायऱ्या चढवत नाहीत ती माझी आई वाकून कॉइलची जाड वायर उपसत होती. पुरती काढत नव्हती. जराशी सैल करून, होती तशी दिसेल अशी ठेवत होती.

वडील सुरतेच्या रस्त्याला भाड्याची गाडी चालवायचे. त्या वेळचे सगळे ड्रायव्हर चोरीच्या भीतीने, गाडी कुणाला सुरूच करता येऊ नये म्हणून, रात्री ही वायर काढून घरात आणत, आणि सकाळी नवऱ्याचा चहा होईपर्यंत ती परत लावायचं काम बायकांचं. आईला इंजिनातलं तेवढं एकच कळतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"माय, हाई काय करी ऱ्हायनी तू?" माझा आवाज फाटला.

ती दचकलीसुद्धा नाही. पदराला हात पुसत म्हणाली, "पाऊस ऊना म्हणजे तू गाडीले शिव्या देस. माले नई."

"पन कसाले?"

"माले घरमा मरानं शे. त्या मशीनवर नई."

इतके दिवस मी ओल शोधत होतो, आणि इथे माझी आई माझ्या डोळ्यांदेखत मरायला निघाली होती. मी वायर दाबून बसवली, चावी फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. मी दार उघडून धरलं. आई बसेना. भांडावं, ओरडावं, उचलून आत घालावं, सगळं मनात आलं, पण नजर तिच्या त्या सुजलेल्या पायांवर गेली.

मी इंजिन बंद केलं. ती भिंतीला धरून घराकडे वळली, आणि मी तिला अडवलं नाही.