ढालीच्या मागचं अस्तर

मी लोखंडी पेट्या करणारा माणूस. शाळा चौथीपर्यंत, मग हातात पत्रा कापायची कात्री. जुनी पेटी दुरुस्तीला आली की आधी आतलं अस्तर ओरबाडून फेकायचं, मग गंज पाहायचा. उभा जन्म तेच केलं. कोणतंच अस्तर निरखून पाहिलं नाही.

मागच्या वर्षी नात शाळेच्या गॅदरिंगमध्ये राणीच्या फौजेतली शिपाई झाली. बायकोने सीताबर्डीच्या बाजारातून ढाल आणली. समोरून सोनेरी प्लास्टिक, मागून नुसता पुठ्ठा, धरायला इलास्टिक. घरी येईस्तोवर पुठ्ठा वाकला.

बायको म्हणाली, "साऱ्या गावाच्या पेट्या मजबूत करता, अन् नातीच्या ढालीले एक पत्रा नाही निघत तुमच्यातून?"

"एका दिवसाचं सोंग हाय. काहून डोकं खाऊन राहिली वं?" मी म्हटलं आणि चहा मागितला. तिने चहा दिला. पत्र्याचं पुन्हा काढलं नाही.

यंदा उन्हाळ्यात ती गेली. तापाचं निमित्त झालं.

हिवाळ्यात पुन्हा गॅदरिंग आलं. नातीने माळ्यावरून तीच ढाल काढली. मला वाटलं, निदान आता तरी बायकोचं ऐकावं. नात शाळेत गेल्यावर ढाल घेऊन अंगणात बसलो. पुठ्ठा उपटला. इलास्टिकपाशी मळकट चिंध्यांची घडी होती, तीही उपटली. सवयीचा हात. तेवढ्यात कचऱ्याची गाडी आली, सगळं तिच्यात टाकून मोकळा झालो. मग पत्रा गोल कापला, लागू नये म्हणून कड दुमडली, जुन्या पट्ट्याची मूठ रिबिटाने ठोकली. ढालीवर उभा राहिलो तरी वाकेना. मनात बायकोला म्हटलं, पाह्य वं, लावला पत्रा.

नात घरी आली. ढाल उलटी करून पाहत राहिली.

"आबाजी, आजीची गादी कुठं हाय?"

"कोणती गादी?"

मग सुनेने सांगितलं. मी नाही म्हटल्यावर बायकोने स्वतःच आतून दुसरा पुठ्ठा चिकटवला होता. इलास्टिक पोरीच्या हाताला रुतत होतं, म्हणून जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन, कापूस भरून गादी शिवली होती. दुपारभर पोरीला जवळ बसवून हाताचं माप घेत होती. मी घरातच होतो. मला पत्ता नाही.

चप्पल न घालता कोपऱ्यापर्यंत गेलो. सकाळची गाडी, ती काय थांबते?

सून म्हणाली, "मामाजी, आईंचं दुसरं लुगडं हाय ना पेटीत. त्याची करू." पेटी उघडली. मीच केलेली पेटी. लुगडं हातात घेतलं, कात्री घेतली, आणि परत घडी करून ठेवलं. मला टाका घालता येत नाही. सुनेने घातला असता तरी तो बायकोचा नव्हता. शेवटी मुठीला स्पंज चिकटवला.

गॅदरिंगच्या दिवशी मी पुढच्या रांगेत बसलो. ढाल तसूभर वाकली नाही. पण नातीने मूठ धरलीच नाही. तलवार काखेत दाबून तिने दोन्ही हातांनी ढालीच्या कडा धरल्या होत्या. लोक हसले, मग त्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी येताना विचारलं, "मूठ टोचते का वं?"

"नाही, आबाजी," म्हणाली, अन् तालमीत मनगटावर उठलेल्या लाल वळावर बाही ओढून घेतली.