ओवाळणारा हात

ज्या दिवशी माझी पत्नी वारली, त्याच दिवशी माझा उजवा हात मोडला. स्मशानातून परतताना ओढ्यात पाय घसरला. वडूजच्या हाडवैद्याने बांबूच्या कामट्या लावल्या आणि हात सहा आठवडे छातीशी बांधून ठेवला.

जाण्यापूर्वी तिने एकच मागणे मागितले होते, "देवीपुढे निरांजन तेवढे रोज ओवाळा." डाव्या हाताने ओवाळणे मनाला पटेना, म्हणून सुतक फिटल्यावर उरलेले आठवडे मी निरांजन नुसतेच देवीपुढे ठेवत होतो.

कामट्या सुटल्या तेव्हा हाड सांधले होते, दुखतही नव्हते. पण हात चालणे विसरला होता. तांब्याकडे नेला की पलीकडे जाई. खांदा आधी निघे, कोपर मागून हिसका देई. ओवाळायला गेलो तर तूप देवीच्या टाकावर सांडले आणि वात विझली. मी शाळामास्तर. मुलांचे अक्षर सुधारावे तसा एकेका सांध्याला हुकूम देऊ लागलो, तर हात अधिकच अडखळू लागला. देवीला माझी सेवा नको, असे मनाने घेतले. निरांजन फडताळात गेले.

तेव्हा महायुद्धाच्या लढाईमुळे इंजिनाला तेल मिळेना, म्हणून गावची पिठाची गिरणी बंद होती. मास्तरांच्या घरी दगडी जाते आहे असे कळून एके सकाळी जतकडची एक मेंढपाळ म्हातारी ज्वारी दळायला आली. तिला पाणी द्यायला गेलो आणि अर्धे तिच्या लुगड्यावर सांडले.

"आवं मास्तर, हातावर शिपाई बसवलाय व्हय? भ्यालाय त्यो. बसा हितं, खुंट्याला हात लावा."

"बायकांचे काम ते."

"मग घटकाभर बाई व्हा की! कोण बघतंय? ढकलू नगा. जातं नेईल तिकडं जाऊ द्या. आन् हाताकडं न्हाई, दाण्याकडं बघा."

पहिले काही फेरे हात ओढला गेला. मग दाणे टाकता टाकता मी त्याला विसरलो. मान वर केली, तर तिने खुंटा केव्हाच सोडला होता आणि ती पीठ भरत होती. जाते माझ्याच हाताने फिरत होते.

दुसऱ्या दिवशी ती मेंढरांमागे निघून गेली. मी रोज मूठमूठ दळत राहिलो. आठवड्याने निरांजन बाहेर काढले आणि हाताकडे न पाहता देवीच्या मुखाकडे पाहिले. ज्योत सावकाश फिरली.

तिला देवीने धाडले, की गिरणी बंद म्हणून ती आली, हे मी ठरवत बसत नाही. हात माझा असला तरी त्याचे चालणे माझ्या हुकमातले नाही, एवढे मला उमगले. त्या म्हातारीचे नावही मी विचारले नव्हते. मनातल्या मनात तिला रोज नमस्कार करतो.

कोपर अजून थोडे अडते. घरात ते जाते आहे, देवीचा टाक आहे आणि मी आहे. निरांजन रोज ओवाळतो.