खिडकी माझ्याकडे होती

विमानातून खग्रास सूर्यग्रहण पाहून आलो, तेव्हापासून घाटकोपरच्या आमच्या सोसायटीत मी एकच किस्सा सांगत आलो, "आमच्या हिने भीतीने डोळेच उघडले नाहीत!" बायको ग्रहण पाळायची, डब्यात तुळशीचं पान टाकायची, म्हणून सगळ्यांना ते पटलं.

ते खोटं आहे. भर सकाळी अंधार झाला, तेव्हा ती म्हणाली, "अहो, सरका ना जरा, मलाही बघू दे."

"थांब गं, एवढा फोटो काढतो," म्हणत मी खिडकी अडवून बसलो. सरकलो तोवर ऊन परतलं होतं.

ती आता नाही. काल तिच्या वर्षश्राद्धाला सुनेने तोच किस्सा हसत काढला. मी तिला थांबवलं आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "ती घाबरली नव्हती. मी खिडकी सोडली नाही."