भुईमुगातलं तळं

फोटो काढत हिंडणाऱ्या माणसाला अक्कल नसती. दुसऱ्या कुणाला कशाला नावं ठेवू, एवढं मोठं गाढव आमच्या घरातच हाय की.

चौथीत शाळंनं मला सोडलं. पुढचं शिक्षान मोबाईलवर. व्हिडिओत एकजण सांगत हुता, प्रवासात निसर्ग कुठंबी अचानक भेटतोय, डोळं उघडं ठेवा. मी गारगोटीकडनं रोज राजारामपुरीला दुधाची गाडी घेऊन येणारा. डोळं उघडंच, न्हायतर गाडी ओढ्यात. झालो फोटोग्राफर. उकिरड्यावर जरा धुकं दिसलं की गाडी बाजूला आणि हे ध्यान खाली.

फेब्रुवारीत वैनीनं उन्हाळी भुईमूग टोकला. महिनाभर शेंगा फोडून एकेक बी निवडल्यालं. आमच्या मोटरीला मोबाईलचा स्टार्टर हाय. फोन लावला की चालू, परत लावला की बंद. नंबर माझ्याच फोनात, मोटरीच्या पेटीची किल्लीबी माझ्याच गाडीच्या किल्लीला, कारण घरात शाना मीच. वैनीनं बजावल्यालं, तासानं बंद करा, पाणी जास्त झालं तर बी कुजंल. व्हय म्हणून राजारामपुरीतनं मोटर चालू केली आणि विसरलो.

परत येताना रस्त्याचं काम चाललेलं, म्हणून गाडी कालव्याकडंच्या वाटंला घातली. त्या अंगानं मी कधी गेलोच नव्हतो. बघतोय तर तळं. पाण्यात डोंगर उलटा, कडंला बगळं. पाऊस न्हाय, पाणी न्हाय, हितं तळं आलं कुठनं, ह्यो इचार टकुऱ्यात आला न्हाय. टकुऱ्यात जागाच न्हवती, सगळा निसर्ग भरल्याला. चिखलात पोटावर पडलो. पलीकडं एक लाल लुगडं सारखं मधी येत हुतं, त्ये टाळायला सरपटत बाजूला सरकलो.

तेवढ्यात वैनीचा फोन. बगळं उडायच्या बेतात, कापला. परत आला, परत कापला. तिसऱ्यांदा उचलून खेकसलो, फोटो काढतोय, मागनं बोलू.

"दिसतंय की," वैनी म्हणाली. "समोर आपल्याच बांधावर हुबी हाय मी, भावजी. आदी मोटर बंद करा."

मान वर केली. लाल लुगडं, हातात खोरं, कानाला फोन.

मोटर बंद केली, पाण्यात शिरलो, बांध फोडला. वैनीनं चिखलातनं चार बिया उकरून तळव्यावर घेतल्या. फुगून साल सुटल्याली. तळवा माझ्याम्होरं धरला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, त्या मला पचत्यात.

आठ दिसांनी उगवलं, पर बांधाकडंच्या दोन वळी. बाकीचं रान मोकळं. ग्रुपवर मातूर माझ्या फोटूला नुसतं बदाम, आणि पावणं इचारत्यात, लोकेशन पाठवा की.

संध्याकाळी वैनी खायला ठेवल्यालं शेंगांचं पोतं उघडून परत बियाला शेंगा फोडत बसली. मी जाऊन शेजारी टेकलो, म्हटलं, द्या हिकडं थोड्या.

तिनं ढीग माझ्याकडं सारला. "फोडा. पर फोन आत ठिवून या."